तेरावं कार्ड

माझ्या बापाच्या तोंडून 'जोहार' मी कळत्या वयात पहिल्यांदा ऐकला तो मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी. ऐकला आणि मला ओकारी आली. उगाच बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही. खरोखर उठून मोरीपाशी गेले आणि सकाळचा चहा-चपाती बाहेर टाकून आले. परत येऊन बघते तर आगाशेबाई आनंदानं टाळ्या वाजवत होत्या.

आगाशेबाई वाचा-उपचार करायच्या. म्हणजे ज्यांची वाचा गेली, अडली, बिघडली, त्यांना बोलतं करण्याचं काम. वय अठ्ठावीस-तीस, सुती साडी, टेबलावर चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा. बाई मनानं चांगल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे.

बाचं दुखणं सुरू झालं ब्याऐंशी साली. आधी वस्तूंची नावं गेली. बादलीला 'ते पाण्याचं', चपलेला 'ते पायातलं', आणि मग सगळ्यालाच 'ते हे'. रेल्वेच्या गँगमध्ये तीस वर्षं रूळ ठोकलेला माणूस, त्याला एके दिवशी 'हातोडा' आठवेना. हवेत ठोकून ठोकून दाखवत राहिला आणि शेवटी चिडून तोच हात कपाळावर मारून घेतला. चालणं, जेवण, माणसं ओळखणं, समोरच्याचं ऐकून समजणं, सगळं शाबूत. फक्त शब्द गळत चालले.

कर्जतच्या एका डॉक्टरानं लकवा म्हणून चोळायला तेल दिलं. भिसेगावच्या मावशीनं वेखंड उगाळून जिभेला लावलं, तान्ह्या पोराला लावतात तसं. आणि आमच्या सोन्यासारख्या गावानं निदान केलं की पद्यानं, म्हणजे माझ्या बानं, छप्पन साली घरातले देव नदीत टाकले, म्हणून देवानं त्याची जीभ काढून घेतली. देवाला तेवढाच एक उद्योग. सव्वीस वर्षं दम खाल्ला आणि मग सवडीनं आला!

गाव कळंबपासून दोन मैलांवर. नाव सांगत नाही, सांगून त्याचा मान कशाला वाढवू? मी कळंबला शाळेत शिकवते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, ते जाऊ द्या. आईबापाकडेच राहते. आई चंद्रभागा, बा पदू. बुद्धवाड्यात त्याला पदूबाबा म्हणतात, वरच्या आळीत पद्या. बासष्ट वर्षांचा झाला तरी पद्याच.

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हा लकवा नाही, मेंदूतला बोलण्याचा भाग हळूहळू सुकत चाललाय. औषध नाही. या दुखण्याला अजून पुस्तकात धड नावसुद्धा पडलेलं नाही. आणि त्यांनी आम्हाला आगाशेबाईंकडे पाठवलं. बाईंनी पहिल्याच दिवशी खोटी आशा लावली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे.

"गेलेले शब्द परत आणायचे असं हे काम नाही," त्या म्हणाल्या. "जाणारे जातीलच. आपण थोडेसे निवडायचे आणि धरून ठेवायचे. बाबांना लागणारे बारा शब्द लिहून आणा. आपण त्यांची कार्डं करू. आणि एक ध्यानात ठेवा, जो शब्द ते रोज जास्तीत जास्त वेळा बोलतील तो सगळ्यात शेवटी जाईल."

बारा शब्द! अख्खा माणूस बारा शब्दांत कोंबायचा. चुलीपुढं बसून आईनं आणि मी यादी केली. पाणी, भाकर, दुखतंय, नको, लघवी असं करत करत नऊ झाले. आई म्हणाली, "माजं नाव घाल."

"तू तर चोवीस तास समोरच असतेस की गं."

"म्हनूनच घाल."

चंद्रा घातलं. गोदा घातलं, गोदा म्हणजे मी. आणि सगळ्याच्या वर, पहिल्या ओळीत, मी 'जयभीम' लिहिलं.

त्याचं कारण असं. छप्पनच्या आधी आमच्या लोकांना वरच्या आळीतला माणूस दिसला, मग ते शेंबडं पोर का असेना, की कमरेत वाकायचं, जमिनीला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा आणि म्हणायचं, 'जोहार, मायबाप.' माझा बा आज मी आहे तेवढ्या वयाचा होईपर्यंत ते म्हणाला. मग त्यानं धम्म घेतला, आणि घेऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यासमोरून मान ताठ ठेवून 'जयभीम' म्हणत गेला. आमच्या वाड्यातला तो पहिला. पाटलानं वहाण फेकली ती बाच्या पाठीत बसली. बानं ती उचलून परत पाटलाच्या अंगणात टाकली आणि पुन्हा म्हणाला, 'जयभीम.' मी सहा वर्षांची होते. आमच्या घरात देव नव्हते, ही एक गोष्ट होती. दर चौदा एप्रिलला ती सांगितली जायची.

इस्पितळातल्या तिसऱ्या खेपेला काय झालं ते आता सांगते. छापील कार्डांवरचं सफरचंद, छत्री, आगगाडी, काहीच बाला येत नव्हतं. आगगाडीकडे बघून तर त्याला घाम फुटला. बाईंनी कार्डं बाजूला ठेवली. म्हणाल्या, "आज नमस्कारापासून सुरू करू. लहानपणापासून घोटलेलं असतं ना, ते विचार न करताच तोंडात येतं." आणि त्यांनी हात जोडले. "नमस्कार, बाबा."

बा खुर्चीतून उठला. वाकला. इस्पितळाच्या फरशीला हात लावला, कपाळाला लावला, आणि दोन वर्षांत ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "जोहार, मायबाप."

पुढचं सांगितलंच. मी तोंड पुसत आत आले तेव्हा बाईंचा चेहरा फुलला होता. "ऐकलंत का? अजिबात न अडखळता! भजनातला शब्द आहे ना हा? सकाळी रेडिओवर ऐकलाय मी. किती गोड आहे! बाबा भजनी मंडळात होते का?"

"हो," मी म्हणाले.

का म्हणाले हो? बाईंना समजावायचं तर सगळं उघडं करावं लागलं असतं, हे एक. खरं कारण दुसरंच होतं. मला लाज वाटत होती आणि ती जातीची नव्हती, बाईंची नव्हती. समोर वाकलेल्या त्या म्हाताऱ्याची होती. मला माझ्या बापाची किळस आली. तो माझ्याकडे बघून 'हे नाही, हे नाही' असा तळहात हलवत होता, सारखा हलवत होता, आणि मी मान फिरवली.

"जयभीम काही येत नाहीये," बाई म्हणाल्या. "येतंय ते आधी धरू या. त्याच्या जागी हा शब्द घालते." त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र चिकटवलं आणि खाली जांभळ्या शाईनं सुरेख अक्षरात लिहिलं: जोहार. "आणि हे म्हणाले की शाबासकी द्यायची हं. काही गोड हातावर ठेवलं तरी चालेल."

ते कार्ड मी ट्रंकेत तळाशी घातलं. पण शब्द काही कार्डात राहत नाही. वाट मोकळी झाली होती. बा एस.टी.च्या कंडक्टरला जोहार म्हणू लागला, पोस्टमनला म्हणू लागला, बुद्धवाड्यातल्या पोरीबाळींना म्हणू लागला. पोरी फिदीफिदी हसायच्या. म्हातारी माणसं मात्र उठून आपापल्या दारात शिरायची.

आणि फाट्यावर होतं रामभाऊचं हॉटेल. रामभाऊ म्हणजे वहाण फेकणाऱ्या पाटलाचा थोरला. बाप गेला, पाटीलकी गेली, राहिलं हे भजी-चहाचं दुकान आणि कपाळावरची आठी. बा रोज दुपारी माझ्या एस.टी.च्या वेळेला फाट्यावर येऊन उभा राहायचा. शब्द गेले तरी ती वेळ त्याची कधी चुकली नाही.

एके दिवशी एस.टी.तून उतरते तर हॉटेलपुढं घोळका. मधोमध बा वाकलेला. रामभाऊ बाकड्यावर बसून म्हणतोय, "आनि येकदा, पद्या." बा म्हणाला, "जोहार, मायबाप." रामभाऊनं डब्यातून ग्लुकोजचं बिस्किट काढलं आणि वीतभर वरून, बोटाला बोट लागणार नाही असं, त्याच्या ओंजळीत टाकलं. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, चौदावं झालं.

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मास्तरीण बाईच्या तोंडी शोभत नाही असं नंतर शाळेपर्यंत पोचलं.

रामभाऊ थंडपणे म्हणाला, "मला कशाला शिव्या देतीस, गोदे? तूच मुंबयला नेतीस ना त्याला बोलाया शिकवाय? आमी फुकटात शिकवतो. दिसाला ईस ईस येळा बोलतो. आनि आमी काय त्याच्या तोंडात घातला का त्यो शबूद? आतलाच हाय. वरचं समदं गळालं, आतलं र्‍हायलं."

हे ऐकून माझ्या अंगाची लाही झाली, कारण बाईंचं वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होतं. रोज जास्तीत जास्त वेळा बोलेल तो शब्द शेवटी जाईल. वीस वेळा रोज. म्हणजे एक दिवस पाणी जाईल, भाकर जाईल, चंद्रा आणि गोदा जाईल, आणि ज्या माणसानं आमच्या वाड्याला मान वर करायला शिकवलं त्याच्या तोंडात मरताना एकच शब्द असेल, आणि तो हा असेल. रामभाऊ तिरडीला येऊन तेच सांगेल. बुरशी चढलेल्या भाकरीसारखा तो शब्द मला घरभर वास मारू लागला.

मग मी चूक केली. रोज सकाळी बाला पुढ्यात बसवायचं आणि म्हणायचं, "जय... म्हण, जय..." बा म्हणायचा, "ज... जो..." आणि 'जो' आला रे आला की मी त्याच्या तोंडावर हात दाबायची. "तो नाही! तो नाही, बा!" आठ दिवसांत बा असा झाला की मला बघितलं की ओठ मिटून घ्यायचा. पाणीसुद्धा मागेना.

नवव्या दिवशी आईनं माझं मनगट धरलं.

"त्वांड दाबतीस त्याचं? पाटील बी हेच करायचा. ह्यो बारा वर्साचा व्हता, येकदा जोहार घालाया इसरला. पाटलानं मान धरून त्वांड शेनात दाबलं. जोहार म्हनपातुर उचलू दिलं नाय. कसा जाईल गं त्यो शबूद? शेनासंगं आत गेलाय."

ही गोष्ट मला कुणीच कधी सांगितली नव्हती. चौदा एप्रिलला वहाणेची सांगायचे, शेणाची नाही.

आई उठली, खुंटीवरचा बाचा सदरा काढला आणि त्याचा खिसा माझ्यापुढं उलटा केला. बिस्किटांचा भुगा पडला. मूठभर. "रोज धुताना निगतो," ती म्हणाली. "येक बी त्वांडात घातलं नाय त्यानं. आन् तू त्याची शिसारी करतीस."

मी भुगा गोळा करून कोंबड्यांना टाकला. त्या दिवशी मला कुणाची किळस यायला हवी होती ते नीट कळलं, आणि त्या यादीत मीही होते.

पुढच्या खेपेला मी जोहारचं कार्ड आगाशेबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वहाण, शेण, बिस्किटं, माझा हात. बाईंचा चेहरा उतरला. "मला तो भजनातला वाटला हो," त्या पुटपुटल्या.

"तुम्हाला तो रेडिओवर भेटला, बाई. माझ्या बापाला शेणात भेटला."

त्यांनी कार्ड उलटं करून ठेवलं. नशीब, रडल्या नाहीत. मला ते सोसलं नसतं. मग म्हणाल्या, "विचारायला हवं होतं मी. चूक माझी. पण एक सांगते, तोंड दाबून शब्द जात नाही, उलट घट्ट होतो. तो येणारच. मात्र नमस्कार एकट्याचा नसतो, त्याला उत्तर असतं. जोहारला उत्तर काय असायचं?"

"काही नाही. त्याला कुणी उत्तर देत नसे."

"मग आपण देऊ," बाई म्हणाल्या. "ते जोहार म्हणाले की समोरच्यानं त्यांचा हात हातात घ्यायचा, आपलं तोंड त्यांना नीट दिसेल असं धरायचं आणि 'जयभीम' म्हणायचं. त्यांनी मागून म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. घाई करायची नाही. प्रत्येकानं, प्रत्येक वेळी."

मी बुद्धवाड्यात घरोघर जाऊन हे सांगितलं. सगळ्यांत आधी तयार झाली शेजारची ठकूबाई, जी जोहार ऐकून दार लावून घेत होती. तीच सकाळी येऊन उभी राहायची. बा वाकायचा, म्हणायचा. ठकूबाई त्याचा हात धरायची आणि मोठ्ठं तोंड करून म्हणायची, "जयभीम, पदूबाबा." पहिले पंधरा दिवस काही नाही. मग एकदा बाचे ओठ मिटले, उघडले, आणि आला, "भीम." अर्धाच. ठकूबाईनं असा गलका केला की आई पीठ माखल्या हातानं बाहेर आली.

दोन महिन्यांत ती रीतच पडली. जोहार गेला नाही. पण तो म्हणून झाला की बा आता हात पुढं करून उत्तराची वाट बघायचा. समोरच्याचा हात धरायचा, त्याच्या तोंडाकडे टक लावायचा, 'जयभीम' ऐकायचा, 'भीम' म्हणायचा आणि मगच हात सोडायचा. फाट्यावर मात्र मी त्याला येऊ देत नव्हते. आई दुपारी त्याला काहीतरी कामाला लावायची.

मग तो शनिवार. अर्धी शाळा, मी एरवीपेक्षा आधीच निघाले. शनिवारचं कसं कोण जाणे बाच्या ध्यानात राहिलं होतं. एस.टी. फाट्यावर थांबली तर तो उभा. आणि रामभाऊच्या हॉटेलात मुंबईचे दोन पाहुणे, जागा बघायला आलेले, पायात पांढरे बूट. मी उतरते आहे तोवर रामभाऊची हाक आलीच.

"ए पद्या! हिकडं ये. पावनं आल्यात. बगा सायेब, आमच्याकडली जुनी रीत."

बा वळला. वाकला, मातीला हात लावला, कपाळाला लावला. "जोहार, मायबाप."

पाहुणे हसले. रामभाऊनं बिस्किट काढून वीतभर उंच धरलं. बानं ओंजळ केलीच नाही. त्यानं हात वर नेला आणि रामभाऊचं मनगट धरलं. बिस्किट खाली पडलं.

"आरं! सोड."

बा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. वाट बघत. मग त्याला आठवण करून द्यावी तसा पुन्हा म्हणाला, "जोहार."

"सोड म्हन्तो ना! हात सोड!"

तीस वर्षं घण चालवलेला हात तो. रामभाऊ उठला, ओढू लागला, लालभडक झाला. घोळका जमला होता, पण या खेपेला हसत होता तो कुणाला, हे सांगायला नको. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "इनको क्या चाहिए?"

रामभाऊला मी दिसले. "गोदे, सांग तुज्या बापाला! काय पायजे त्याला?"

मला बाला सोडवता आलं असतं. मी पिशवी खाली ठेवली आणि जागची हलले नाही. "उत्तर पायजे," मी म्हणाले. "जोहाराचं. काय ते तुमाला ठावं हाय. तुमच्या बापानं आयकलं व्हतं."

"जोहार," बा म्हणाला. अगदी शांतपणे. मुलाला समजावतात तसं.

रामभाऊनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मनगट पिवळं पडलं होतं. मग दातांतल्या दातांत, कुणाला ऐकू जाऊ नये असं तो पुटपुटला, पण बाच्या डोळ्यांसमोर त्याचे ओठ हलले ते हललेच. "जयभीम."

"भीम," बा म्हणाला आणि त्यानं हात सोडला.

इथंच हे संपलं असतं तर मी आनंदानं नाचत घरी गेले असते. पण रामभाऊ तो रामभाऊच. "म्हाताऱ्याच्या हाताला माती हुती," असं पाहुण्यांना म्हणत त्यानं पाण्याचा तांब्या उचलला, मनगटावर ओतला, चोळला, पुन्हा ओतला, पार कोपरापर्यंत. चौऱ्याऐंशी साल, भर दुपार, दोन परकी माणसं बघताहेत, आणि हा बोटाच्या बेचक्या धूत होता. माझ्या घशाशी पुन्हा तेच आलं, इस्पितळातलं.

बा ते सगळं बघत होता. तांब्याकडे, हाताकडे, खाली वाहणाऱ्या पाण्याकडे. पाणी त्याच्या पायाशी आलं तसा तो एक पाऊल मागं सरकला. त्याचं नाक आक्रसलं. आणि कुणी सुरुवात करून न देता, कुणी हात न धरता, कार्ड न दाखवता, तो मोठ्यानं म्हणाला,

"शी!"

बा वळला, माझी पिशवी उचलली आणि घराच्या वाटेला लागला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं. मग मी ट्रंकेतून एक कोरं कार्ड काढलं, कात्री, पेन्सिल घेऊन बसले. खाली 'शी' लिहिलं आणि वर चित्र काय काढावं सुचेना. घाणीचं चित्र कसं काढतात?

बा अंगणात बसला होता. आई भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"तांब्या काढ. आन् वतनारा हात बी."